अहल्येची फटफटी

अहल्या मूळची कऱ्हाडची. १९५६ साली लग्न होऊन ती बेंगळुरात चामराजपेटेतल्या घरी आली आणि पंधरा दिवसांत तिनं त्या घराचं दूध तोडलं.

झालं असं की शेजारच्या गौरम्मा रोज सकाळी कुंपणावरून हाक देत, "हालिनव बंदा." म्हणजे दूधवाला आला. अहल्येला कन्नड येत नव्हतं. 'हालु' म्हणजे दूध एवढं तिला कोणीतरी सांगितलं होतं. 'बंदा' मात्र तिनं आपल्या कऱ्हाडच्या कानांनी ऐकलं आणि आत जाऊन निरोप दिला की दूधवाला बंद झालाय. आत चुलीपाशी तिची नणंद पद्मावती सोवळ्यात होती. ती अहल्येच्या नवऱ्याची, त्रिविक्रमची, थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली; घर तीच चालवी आणि सगळे तिला अक्का म्हणत. अक्कांना वाटलं, म्हैस आटली असेल बिचाऱ्याची. त्यांनी दुसरा गवळी लावला. पहिला गवळी चार दिवस फाटकाशी ताटकळून परत गेला आणि पाचव्या दिवशी भांडायलाच आला.

घर पोट धरून हसलं. सासरे भीमाचार्य निवृत्त संस्कृत शिक्षक होते, फारसे हसत नसत, पण तेही हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. तरी त्या दिवसापासून अहल्येनं बाहेरच्या माणसाशी तोंड उघडणं सोडून दिलं.

घरातली भाषा मराठीच होती. तीनशे वर्षांपूर्वी ही माणसं इकडे आली, पण मराठी त्यांनी सोडली नव्हती. फक्त तिच्यात कन्नड इतकं मुरलं होतं की भीमाचार्य जेवताना "स्वल्प मीठ" म्हणत आणि पुरे झालं की "सरी". अहल्या प्रत्येक शब्दाशी क्षणभर अडखळे, आणि तेवढ्यात बोलणं पुढं गेलेलं असे.

मग तिला बसवेनासं झालं. दुपारी सगळे आडवे झाले की ती मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत आणि परत अशी फिरायची. घासलेले डबे पुन्हा घासायची. वाळत घातलेली धोतरं ओली आहेत की सुकली हे दहा मिनिटांत तीनदा बघायची. जोडव्यांचा आवाज फरशीवर चालूच राहायचा, आणि भीमाचार्य पोथीतून मान वर करून विचारायचे, "कोण फिरतंय?" दुःख म्हणावं असं काही झालेलं नव्हतं. नवरा चांगला होता, अक्का तोंडानं फटकळ पण पानात हात आखडता न घेणाऱ्या. हेच तिला सांगता येत नव्हतं. कोणी विचारलं, काय होतंय गं, तर ती म्हणायची काही नाही, आणि उठून पाण्याचा हंडा भरलाय का ते बघायला जायची. अक्कांना आधी वाटलं की दिवस गेले असतील. मग नवस बोलला. मग डॉक्टरांनी तांबडं टॉनिक दिलं. शेवटी, हिला कऱ्हाडला चार महिने पाठवावं, असं बोलणं निघालं. ते 'चार महिने' अक्का अशा आवाजात म्हणाल्या की अहल्येच्या हातातला झारा तसाच राहिला.

त्रिविक्रम टेलिफोनच्या कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात होता. कारखाना शहराबाहेर, के. आर. पुरमच्या अलीकडे. तो फटफटीवर जायचा. लढाई संपल्यावर लष्करानं ज्या गाड्या काढून टाकल्या त्यांतली ती एक. तिची खोगिरासारखी कातडी सीट तेवढी मूळची होती, बाकी निम्मी गाडी कल्लाप्पानं बनवली होती. कल्लाप्पा निपाणीकडचा, कंटोन्मेंटात छोटं गॅरेज चालवायचा.

एका रविवारी होसकोट्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे भीमाचार्यांना पंचांग पोचवायचं होतं. त्रिविक्रम निघाला तेव्हा अक्काच म्हणाल्या, हिलाही ने, वारा लागू दे जरा.

मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून ती बसली आणि सीटच्या कडेची लोखंडी कडी दोन्ही हातांनी धरली. हलसूर मागं पडेपर्यंत तिला फक्त पदराची काळजी होती. मग मद्रास रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना चिंचा, मधून बैलगाड्या. गाडी थरथरत होती आणि तो थरकाप पायांतून पाठीत चढत होता. पायांना करायला काही उरलं नव्हतं. समोर म्हशी आल्या की तिचं सगळं लक्ष म्हशींवर, खडी आली की खडीवर, वळण आलं की त्रिविक्रमच्या बरोबरीनं तिचंही अंग कलायचं. के. आर. पुरमच्या तळ्यापाशी तिच्या ध्यानात आलं की बऱ्याच वेळात आपण कसलाच विचार केला नाही. ध्यानात आल्याबरोबर थोडा वेळ विचार परत आले, पण पुढे एक बकरी आडवी धावली आणि ते पुन्हा गेले.

परत आल्यावर ती जेवली, आणि दुपारी चक्क झोपली. जोडवी वाजली नाहीत म्हणून भीमाचार्यांनीच विचारलं, सून कुठं आहे?

मग दर रविवार ठरून गेला. कधी होसकोटे, कधी व्हाइटफील्डच्या बाजूला, जिथं बंगल्यांपुढं गोऱ्या म्हाताऱ्या गुलाबांना पाणी घालत बसायच्या. कातड्याच्या सीटवर बसून आलेल्या सुनेला स्वयंपाकघरात पाऊल टाकायला मज्जाव होता. आल्याआल्या डोक्यावरून आंघोळ आणि धुतलेलं लुगडं. अहल्येनं कधी कुरकुर केली नाही. अक्का विचारायच्या, काय मिळतं गं त्या भटकण्यात? ती सांगायची, "ह्यांना आवडतं म्हणून जाते." त्या घरात सुनेनं मला अमुक आवडतं असं म्हणायची पद्धत नव्हती, आणि एकदा तिनं हे उत्तर दिल्यावर दर रविवारी तेच द्यावं लागलं.

रस्त्यानं तिला वाचायलाही शिकवलं. मैलाच्या दगडांवर कन्नड आकडे असत. होसकोटे जवळ येई तसा आकडा एकेकानं उतरे, म्हणून तो कुठला हे विचारावं लागत नसे. दोन महिन्यांत तिला आकडे आले. मग दगडावरच्या गावांच्या नावांतून अक्षरं आली, मग दुकानांच्या पाट्या. वाचता येऊ लागल्यावर बोलायची भीतीही हळूहळू गेली. होसकोट्याच्या बाजारात शेंगांच्या भावावरून तिनं पहिल्यांदा कन्नडात घासाघीस केली तेव्हा शेंगवाली म्हणाली, अम्मा, भाषा चुकतेय पण भाव बरोबर पाडताय. कऱ्हाडला जायची ती पत्रंही बदलली. आधी 'मी सुखरूप आहे' एवढंच असायचं. आता नाचणी कापणीला आली, तळं निम्मं भरलं, असं काहीबाही असे. चार महिन्यांची गोष्ट परत कोणी काढली नाही. शनिवारपर्यंत ती पुन्हा येरझारा घालू लागे, हे खरं. पण शनिवारनंतर रविवार असे, आणि तेवढ्यावर तिचा आठवडा निघून जाई.

अशी पाच वर्षं गेली.

१९६१ साली त्रिविक्रमला बढती मिळाली. कारखान्याची बस आता चामराजपेटेतून सुटू लागली होती. त्यातच त्याच्या खात्यातले नरसिंहराव फटफटीवरून जाताना खडीवर घसरले आणि मांडीचं हाड मोडून तीन महिने पडून राहिले. भीमाचार्य एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, आता ती गाडी पुरे. त्रिविक्रम म्हणाला, "सरी, अण्णा." मग हळूच पुढं म्हणाला की तशीही अहल्येला भीती वाटते, डोळे मिटून बसते बिचारी, माझ्या मनाखातर येते.

अहल्या तेव्हा भात वाढत होती. तिनं भीमाचार्यांच्या पानात दोनदा भात वाढला.

कल्लाप्पानं आठवड्याच्या आत गिऱ्हाईक आणलं. होसकोट्याचे अप्पासाहेब म्हणून तुतीच्या मळ्यांचे मालक होते, घरी मराठीच बोलणारे. त्रिविक्रमनं त्यांना शब्द दिला. गाडी तपासणीला कल्लाप्पाकडे गेली, आणि शुक्रवारी त्यानं ती चालवत नेऊन होसकोट्याला पोचती करायची असं ठरलं.

त्या आठवड्यात अहल्येनं तीनदा बोलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा कॉफी देताना, तर भीमाचार्य चष्मा शोधत आले. दुसऱ्यांदा त्रिविक्रम बुटाचे बंद बांधत होता. तिची चुळबुळ बघून त्यानं विचारलं, काही आणायचंय का? ती म्हणाली, कोथिंबीर. तिसऱ्यांदा तिनं मनाशी वाक्य पक्कं केलं, आणि त्यानं सांगितलं की आता रविवारी निवांत घरी राहू, तुलाही विश्रांती. त्याच्या चेहऱ्यावर इतका चांगुलपणा होता की तिनं ते वाक्य सोडून दिलं. डबे पुन्हा घासले जाऊ लागले. "परत भिंगरी लागली का गं पायाला?" अक्का म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार शेट्टी फाटकाशी आले. गल्लीत टेलिफोन त्यांच्याकडेच होता. कल्लाप्पाचा फोन आला होता. "गाडी बंतंते," ते म्हणाले.

अहल्येला आता कन्नड इतकं सरावाचं झालं होतं की मनात भाषांतर करावं लागत नसे. गाडी आली म्हणतो. म्हणजे होसकोट्याला पोचली. ती तशीच उभी राहिली. मग आत जाऊन तिनं चप्पल घातली, पेंगत असलेल्या अक्कांना "येते हं" म्हणाली, आणि अक्कांनी "हूं" म्हणेपर्यंत रस्त्यावर होती.

एकटी ती कधी बसमध्ये चढली नव्हती. कलासिपाळ्याच्या स्टँडवर बसच्या कपाळावरची पाटी वाचली, होसकोटे, आणि बायकांच्या बाकावर जाऊन बसली. जाऊन काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. अप्पासाहेबांना काय सांगणार, नवऱ्याचा शब्द मोडायला बायको कुठल्या तोंडानं येते? बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती आणि प्रत्येक थांब्यावर तिला वाटत होतं, उतरावं आणि परत जावं. हलसूर गेलं. कारखान्याचं फाटक गेलं, आत कुठंतरी त्रिविक्रम नकाशावर वाकलेला असणार. तिथून मैलभर पुढं, चिंचेखाली, गोणपाट पसरून त्यावर पाने-पक्कड मांडून कल्लाप्पा उकिडवा बसलेला तिला दिसला. शेजारी फटफटी.

"निल्सप्पा," ती कंडक्टरला म्हणाली. तो म्हणाला, तिकीट होसकोट्याचं आहे. ती म्हणाली, असू दे, थांबव.

कल्लाप्पानं तिला बघून हातातला पाना खाली ठेवला.

"वैनी? तुमी हितं कशा काय?"

"तुम्हीच फोन केलात ना. गाडी आली म्हणून."

"आली कुठली? के. आर. पुरमच्या वखारीत जाऊन फोन केला. गाडी बंद म्हणालो की मी. बंद पडली. बघा की, मरून पडल्या हितं."

अहल्या रस्त्याकडेच्या दगडावर बसली. शेट्टींनी 'बंद' ऐकलं होतं, त्याचं 'बंदा' केलं होतं, आणि फटफटी 'बंदा' कशी येईल, 'बंदा' म्हणजे तो आला, निर्जीव वस्तू 'बंतु' येते, म्हणून या निपाणीकराचं व्याकरणही वाटेत नीट करून दिलं होतं. तिला हसू आलं. ते थांबेना. कल्लाप्पाला वाटलं, वैनींना ऊन लागलं. तो पाणी आणायला उठला.

हसू ओसरल्यावर तिनं सांगितलं, गाडी होसकोट्याला न्यायची नाही. कल्लाप्पानं डोकं खाजवलं. म्हणाला, तुमचं बरोबर असंल, पन मालकांनी सांगिटलंय, मालकांनीच नको म्हनायला पायजे. मग तिनंच सुचवलं की साडेचारला कारखाना सुटेल, तुम्ही फाटकावर जाऊन ह्यांना घेऊन या. आणि तोवर गाडीपाशी कोण? "मी आहे की," ती म्हणाली.

कल्लाप्पानं ठिणगी देणारा मॅग्नेटो साफ करून गाडी चालू केली, बंद केली, पुन्हा चालू करून खात्री केली आणि तो चालत निघून गेला. अहल्या एका चिंचेपासून दुसऱ्या चिंचेपर्यंत फेऱ्या घालू लागली. जाणारे येणारे बघत होते. एका गाडीवानानं बैल थांबवून विचारलं, अम्मा, यजमान कुठं गेले? येतायत, ती म्हणाली. काय बोलायचं ते ती जुळवत होती आणि प्रत्येक फेरीत पहिलं वाक्य बदलत होतं.

त्रिविक्रम जवळजवळ पळतच आला. टाय खांद्यावर गेलेला, चेहरा पांढरा.

"अण्णांना काय झालं?"

"काही नाही. ते झोपलेत."

"मग अक्का?"

"अक्काही झोपल्यात. मी आलेय, मला बोलायचंय."

कल्लाप्पा समजूतदारपणे पलीकडच्या चिंचेखाली विडी ओढायला गेला.

"ही गाडी देऊ नका," अहल्या म्हणाली.

"पण तुला भीती वाटते ना? डोळे मिटून बसतेस. पाच वर्षं आरशात बघतोय मी."

"डोळ्यांत धूळ जाते. तुम्हाला चष्मा आहे, मला काय आहे?"

त्रिविक्रमनं सीटच्या कडीकडे बोट दाखवलं.

"आणि ती कडी धरतेस ती? बोटं पांढरी पडतात."

"मग काय सोडून देऊ? पडेन ना." ती थांबली. पुढचं बोलताना ती त्याच्याकडे न बघता हँडलकडे बघत होती. "मला घरात काही होतं. काय ते मला सांगता येत नाही, नाहीतर डॉक्टरला सांगितलं असतं. एक रविवार इथून जाऊन आलं की सहा दिवस मला माणसांत राहता येतं. हसता येतं. गाडी गेली की तुम्ही मला कऱ्हाडला पाठवाल, चार महिने म्हणून. मला नाही जायचं. मला इथं राहायचंय."

"हे आधी नाही सांगायचं?"

"कोथिंबीर आणा म्हणाले की."

त्याला ते कळलं नाही, पण त्यानं विचारलंही नाही. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. शेवटी म्हणाला, शब्द दिलाय गं, माणूस वाट बघत असेल. ती म्हणाली, मग चला, मी सांगते त्यांना. कल्लाप्पाला बसनं परत पाठवून दोघं होसकोट्याला निघाली. त्रिविक्रमनं आपला चष्मा काढून तिला देऊ केला. तिनं घातला नाही, कारण चष्म्यावाचून त्याला बैलगाडी दिसली नसती.

अप्पासाहेबांच्या दारात गाडीच्या स्वागताची तयारी झाली होती. चाकांखाली ठेवायला दोन लिंबं, उतरून टाकायला कोहळा, आणि उंबऱ्यात त्यांच्या पत्नी सकवारबाई पेटलेल्या निरांजनांचं तबक घेऊन उभ्या. ते बघून त्रिविक्रम गाडीवरून उतरायचंच विसरला. अहल्या खाली उतरली आणि पदर सावरून म्हणाली की गाडी द्यायची नाही, चूक आमची, मीच उशिरा सांगितलं.

अप्पासाहेब मिशीवरून हात फिरवत राहिले. मग त्रिविक्रमला उद्देशून म्हणाले, "शब्द तुम्ही दिला होता. आता घरात बायका शब्द फिरवतात का?"

"फिरवला मी," त्रिविक्रम म्हणाला, "तिनं नाही." एवढंच त्याला जमलं.

अप्पासाहेब उठून आत गेले ते परत आलेच नाहीत. सकवारबाई तबक घेऊन तशाच उभ्या. अहल्येनं जायला पाय उचलला तर त्या म्हणाल्या, "थांबा जरा. लावलेली आरती न ओवाळता आत न्यायची नाही आमच्यात. गाडी कुणाची का असेना." त्यांनी हेडलाइटला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि अहल्येच्या हातावर साखर ठेवून कानाशी येऊन विचारलं, "फार हलतं का हो मागं?"

"हलतं," अहल्या म्हणाली. "त्यातच बरं वाटतं."

दोघं परत निघाली तेव्हा उन्हं उतरली होती. आता घरी सामोरं जायला अक्का होत्या, दुपारपासून सून कुठं गेली म्हणून सगळी गल्ली पालथी घातलेल्या. आणि भीमाचार्य होते. ते ओरडायचे नाहीत. ते पोथी मिटून नुसतं बघायचे. ते बघणं आठवलं आणि गाडीवर बसल्या बसल्या अहल्या घरी काय बोलायचं ते जुळवू लागली. 'मामंजी, तुमचा शब्द मोडायचा नव्हता' अशी सुरुवात करावी. की आधी पाया पडावं? तिनं चार वाक्यं नीट लावली, त्यांतलं एक गाळलं, आणि अक्कांसाठी दोन वेगळी केली.

के. आर. पुरमच्या तळ्याच्या बांधावर गवतानं भरलेल्या सात बैलगाड्या एकामागून एक चालल्या होत्या. त्रिविक्रम एकेक ओलांडत होता. प्रत्येक गाडीपाशी गवताची काडी तिच्या गालाला लागून जायची आणि ती मान वाकवायची. सहावीपाशी गाडीवानानं चाबूक वर करून काहीतरी थट्टा केली, आणि तिनं कन्नडात उलट उत्तर दिलं, ते ऐकून पुढचा गाडीवान मागं वळून हसला. सातवी मागं पडली आणि समोर रस्ता लांबपर्यंत रिकामा झाला.

हलसूरपाशी दिवे दिसले तेव्हा तिनं भाषण पुन्हा म्हणून बघायचा प्रयत्न केला. चारांपैकी एकही वाक्य सापडेना. घर जवळ येत होतं, अंग अजून थरथरत होतं, आणि काहीच आठवत नव्हतं.

दारात भीमाचार्य काठी टेकून उभे होते, मागं अक्का. अहल्या उतरली. आधी आंघोळ करायला हवी होती, पण ती तशीच पुढं गेली.

"मामंजी, गाडी परत आणली," ती म्हणाली. "मला आवडते ती."

भीमाचार्यांनी तिच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि कुंकू लावलेल्या त्या दिव्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग ते आत गेले. ते तिच्याशी पुढचे आठ दिवस बोलले नाहीत, आणि त्या आठ दिवसांत एक रविवार येऊन गेला. त्या रविवारी ती होसकोट्याला जाऊन आली.